कढीपत्त्यावरची अळी आणि विहाराचे अंगण

(वर्षावासातील रविवारच्या सभेत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



समितीने आम्हाला वीस मिनिटे दिली. विषय विचारला तेव्हा आम्ही "फुलपाखरे" असे सांगितले. ते ऐकून कोषाध्यक्ष हसले. म्हणाले, "अहो, गिरणी कामगारांच्या घरांवर बोला, पेन्शनवर बोला. फुलपाखरं काय लावलंय?" त्यांचे हसणे आम्ही मनावर घेतले नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीसुद्धा असेच हसलो असतो. घरांच्या मोर्चाला आम्ही जातोच आणि जाणारच. पण आज दुसरे बोलायचे आहे आणि शेवटी समितीकडे एक मागणीही करायची आहे. ती मागणी काय, हे कळण्यासाठी आधी हकीकत ऐकावी लागेल.

आम्ही म्हणजे कोण, ते सांगतो. साचा खात्यातले आम्ही चौघे जुने सोबती, बालवाडीच्या ताई, आणि वस्तीतली कॉलेजात जाणारी दोन मुले. आम्ही चौघांनी शाळा फार केली नाही. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा आमचे वडील संपावर आणि आम्ही शाळेत. पुढे १९८९ च्या सुमारास आम्ही बदली म्हणून लागलो. तीन पाळ्या, भोंगा, साच्यांचा आवाज, यातच तीस वर्षे गेली. वाचन केले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, गिरणीचे दार बंद झाले, ते पुन्हा आमच्यासाठी उघडले नाही.

हातांना कामाची सवय आणि काम नाही, तेव्हा माणसाची काय अवस्था होते ते येथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. चाळीच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात कढीपत्त्याचे झाड होते. तेवढेच काय ते पाहायचे. एक दिवस बघतो तो काय, पानावर पाखराची शीट पडल्यासारखे काही तरी, आणि ते चालते आहे. आमच्या मंडळींनी पाहिले आणि म्हणाल्या, "कीड लागली, काढून टाका, नाही तर फोडणीला पान उरायचं नाही." आम्ही चिमट्यात धरून ती टाकणार, तेवढ्यात शेजारची आठवीतली पोरगी ओरडली, "काका, मारू नका. ते फुलपाखरू आहे!"

आम्हाला वाटले पोर चेष्टा करते. पण थांबलो. ती अळी रोज पान खाई आणि रोज वाढे. काही दिवसांनी तिने कात टाकली आणि ती हिरवीगार झाली, पानात शोधून सापडेना अशी. बोट लावले की डोक्यामागून लालसर शिंगासारखे काही तरी बाहेर काढी आणि उग्र वास सोडी. शत्रूला पळवून लावण्याचे तिचे एवढेच हत्यार. मग एके सकाळी ती फांदीला टेकून स्थिर बसली आणि स्वतःभोवती एक धागा बांधून घेतला. मधोमध, कंबरपट्ट्यासारखा. आयुष्य धाग्यात घातलेली आम्ही माणसे, आम्ही तो धागा तासभर पाहत बसलो. तेवढ्या एका धाग्यावर तो कोश वाऱ्यापावसात तरला आणि दहा-बारा दिवसांनी त्यातून काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेले फुलपाखरू निघाले. त्याला कॉमन मॉरमॉन म्हणतात हे पुढे कळले. मंडळी म्हणाल्या, "जाऊ दे, चार पानं गेली तर गेली. कढीपत्ता बाजारात मिळतो."

पहिले शील आपण रोज म्हणतो. मान खाली घालून, हात जोडून म्हणतो. पण ते म्हणून झाल्यावर घरी जाऊन कढीपत्त्यावर औषध मारतो, हे आमच्या ध्यानात त्या दिवसापर्यंत आले नव्हते. यात कोणाला दोष द्यायचा नाही. अळी आणि फुलपाखरू हे एकच आहे, हे आपल्याला कोणी नीट दाखवलेच नव्हते. न कळता जे होते ते कळल्यावर थांबवायचे, एवढेच आपल्या हातात असते.

निर्बंध सैल झाल्यावर त्याच मुलीच्या शाळेतल्या बाईंकडून कळले की माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात काही माणसे फुलपाखरे पाहायला जमणार आहेत. आम्ही चौघे गेलो. हे उद्यान धारावीच्या शेजारी, मिठी नदीच्या काठाला आहे. जुन्या माणसांना आठवेल, तेथे पूर्वी शहराचा कचरा पडत असे. त्या कचऱ्याच्या डोंगरावर माती टाकून, झाडे लावून सदतीस एकरांचे रान उभे केले आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. कचऱ्यावर रान उभे राहू शकते, हे पाहून आम्हाला मोठा धीर आला.

पण खरे सांगतो, त्या पहिल्या दिवशी आम्ही मागे मागेच राहिलो. बाकीच्यांच्या गळ्यात दुर्बिणी, हातात मोठे कॅमेरे, तोंडात इंग्रजी नावे. आम्हाला नावे येईनात. आमच्यातला एक जण म्हणाला, "चला रे, हे आपलं काम नव्हे." तेवढ्यात दुसऱ्याने लिंबाच्या कोवळ्या पानावर बोट दाखवले. मोहरीपेक्षाही लहान, पिवळसर अंडे. आणि पलीकडे दुसरे. बरोबरच्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं कसं?" आता साच्यावर तीस वर्षे उभे राहून ताण्यातला एक तुटका धागा शोधणाऱ्याला पानावरचे अंडे दिसणार नाही काय? त्या दिवसापासून अंडी शोधायचे काम आमच्याकडे आले आणि नावे आम्ही हळूहळू शिकलो. सांगायचे एवढेच, की आपल्याजवळ जे कसब आहे ते कुठेही वाया जात नाही.

आता फुलपाखरांबद्दल दोन गोष्टी सांगतो. एवढ्या ध्यानात ठेवल्या तरी आमचे भाषण कारणी लागले असे समजू.

पहिली गोष्ट. आपण म्हणतो, फुले लावली की फुलपाखरे येतात. येतात, पण राहत नाहीत. फुलझाड ही त्यांची खानावळ आहे. मध प्यायचा आणि निघून जायचे. गिरणगावातला माणूस खानावळीत जेवला म्हणून त्याचा संसार तेथे होत नाही. संसारासाठी लागते ते झाड वेगळे, ज्यावर मादी अंडी घालते आणि ज्याचे पान अळी खाते. ते तिचे माहेर. बाळंतपण माहेरीच व्हायचे. आणि प्रत्येकीचे माहेर ठरलेले. कॉमन मॉरमॉनचे कढीपत्ता आणि लिंबू. रुईवर वाढते ते नारिंगी रंगाचे प्लेन टायगर. पानफुटी, जी आपण मुतखड्यावर औषध म्हणून कुंडीत लावतो, तिच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी पान पोखरते. एरंडावर कॉमन कॅस्टर. टाकळ्यावर आणि बहाव्यावर पिवळी फुलपाखरे. कण्हेरीवर कॉमन क्रो, त्याचा कोश चांदीच्या दागिन्यासारखा चमकतो. दारात आपण जो सरळ उंच अशोक लावतो, त्यावर हिरव्या ठिपक्यांचे टेल्ड जे. माहेर तोडले की लेक येणार कोठे?

दुसरी गोष्ट रुईची. रुईचा चीक विषारी, डोळ्यात गेला तर इजा करतो, म्हणून मुलांनी तिला हात लावू नये आणि लागला तर लगेच धुवावा. पण काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती अळी हीच पाने खाते आणि ते विष आपल्या अंगात साठवते. पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहते. पक्ष्याने एकदा खाल्ले तर त्याला उलटी होते आणि तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू संथ, निवांत उडते. आणि गंमत बघा, डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्या फुलपाखराची मादी अगदी या रुईवाल्यासारखी दिसते. अंगात विष नाही, पण रूप घेतल्याने तीही वाचते. तिची अळी वाढते घोळीवर. होय, तीच घोळीची भाजी, जी आपल्या आया-आज्यांनी गावाकडे दुष्काळात खाल्ली.

तर वस्तीत परत आल्यावर आम्ही ठरवले की आपल्या इथेही मोजणी करायची. पद्धत सोपी आहे. वाट ठरलेली: विहाराच्या फाटकापासून कुंपणाच्या भिंतीला लागून, नाल्याच्या कडेने, रेल्वेच्या भिंतीपर्यंत. वेळ ठरलेली: रविवारी सकाळी, ऊन पडल्यावर. सावकाश चालायचे. डावी-उजवीकडे अडीच अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्या चौकटीत दिसेल तेवढेच मोजायचे. पकडायचे नाही, टाचणी लावायची नाही. वहीत तारीख, ऊन, वारा, नाव आणि आकडा लिहायचा. नाव येत नसेल तर रंग लिहायचा. आणि काही दिसले नाही तर शून्य लिहायचे. रकाना मोकळा सोडायचा नाही. गिरणीत हजेरी लावायची आपल्याला सवय आहे, तीच ही हजेरी.

ही रीत आम्ही शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये १९७६ सालापासून साधी माणसे, स्वयंसेवक, अशाच ठरलेल्या वाटांवर चालून फुलपाखरे मोजत आली आहेत. आपल्या देशातही २०२० पासून सप्टेंबर महिन्यात ठिकठिकाणचे लोक मिळून मोजणी करतात. आपले महाराष्ट्र राज्य तर देशात पहिले, ज्याने २०१५ साली आपले राज्य फुलपाखरू ठरवले. ब्लू मॉरमॉन, काळ्या मखमलीवर निळा रंग. मराठीत त्याला नीलवंत म्हणतात. त्याचेही माहेर लिंबाच्या कुळातलेच.

मोजून काय होते, असे कोणी विचारील. त्याला इंग्लंडचीच एक हकीकत सांगतो. तेथे लार्ज ब्लू नावाचे निळे फुलपाखरू होते. ते कमी होऊ लागले तेव्हा लोकांना वाटले, शौकीन लोक ते पकडून नेतात म्हणून संपत आले. एका ठिकाणी कुंपण घातले. माणसे आत येईनात, पण त्याचबरोबर चरणारी गुरेही येईनात. पुढे १९५० नंतर सशांवर रोग आला, तेही मेले. गवत वाढले. आणि फुलपाखरू होते त्याहून कमी झाले. कारण काय? या फुलपाखराची अळी काही दिवस रानटी थाइमच्या फुलांवर राहते, मग एका लाल मुंगीच्या वारुळात जाते आणि तेथे वाढते. त्या मुंगीला लागते उन्हाने तापलेली जमीन, म्हणजे खुरटे गवत. गवत उंच झाले, जमीन गार पडली, मुंगी गेली, मुंगीबरोबर फुलपाखरू गेले. एका माणसाने वर्षानुवर्षे जमिनीवर पालथे पडून पाहिले तेव्हा हे कोडे सुटले. पण तोवर उशीर झाला, १९७९ साली ते तेथून नाहीसे झाले. मग १९८३ पासून स्वीडनमधून त्याच जातीचे आणून सोडले, गुरे पुन्हा चरायला लावली, आणि आज ते तेथे पुन्हा नांदते आहे. माया होती, कुंपणही मायेनेच घातले होते. पण माया पुरत नाही, माहिती लागते.

हे सांगितले, कारण आता आम्हाला आमचीच चूक सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या आधी विहाराच्या आवाराचे श्रमदान झाले. त्याची हाक आम्हीच दिली होती. तरुण मंडळाची पोरे फावडी-कुदळी घेऊन आली, महिला मंडळाने चहा केला. आम्ही त्या दिवशी मिरवणुकीच्या परवानगीच्या कामाला पोलीस ठाण्यात गेलो. जाताना सांगून गेलो, "मागची भिंत अगदी चकाचक करा." पोरांनी सांगितले ते केले. रुई, एरंड, घोळ, वाळका टाकळा, सगळे काढून ढीग लावला. संध्याकाळी येऊन बघतो तर बालवाडीची पाच-सहा मुले त्या ढिगापाशी बसलेली, आणि सुकलेल्या रुईच्या पानांवरून पट्टेवाल्या अळ्या इकडेतिकडे फिरताहेत. पाने सुकली, दुसरी रुई कोठे नाही. एका मुलीने विचारले, "आजोबा, आता ह्या काय खाणार?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. अळ्या एका डब्यात घेऊन आम्ही रेल्वेच्या भिंतीपलीकडे रुई शोधत अंधार पडेपर्यंत हिंडलो. काही वाचल्या असतील. बहुतेक नाही.

पोरांची यात काही चूक नव्हती. चूक आमची, कारण आम्हाला माहीत होते आणि आम्ही सांगितले नाही. त्यानंतर दर रविवारी वहीत प्लेन टायगरच्या नावापुढे शून्य लिहावे लागले. मे महिन्यात शून्य. जूनमध्ये शून्य. जुलैत पाऊस नसेल त्या रविवारी गेलो, शून्य. एकाने म्हटले, तो रकाना काढून टाकू. बालवाडीच्या ताई म्हणाल्या, "काढायचा नाही. आपण केलं ते आपल्याला दिसलं पाहिजे." रुईची मुळे जमिनीत राहिली होती. पावसानंतर ती पुन्हा फुटली. सप्टेंबरच्या एका रविवारी एक नारिंगी मादी आली, पोट वाकवून कोवळ्या पानाखाली एक एक अंडे लावून गेली. त्या दिवशी वहीत आम्ही "१" लिहिले. तो आकडा पाहून चारही गिरणीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगायला आम्हाला लाज वाटत नाही.

आता लोक जे विचारतात त्याला उत्तर देतो.

पहिला प्रश्न, झाडोऱ्याने डास होतात. भगिनींनो, डेंग्यूचा डास पानावर जन्मत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. तो आपल्या घरातल्या ड्रममध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरच्या टायरात होतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम पालथा करून, घासून, कोरडा करायचा. हे काम आमचा गट रविवारच्या फेरीतच करील, असा शब्द देतो.

दुसरा प्रश्न, हे पोट भरलेल्यांचे छंद आहेत. आम्ही पोट भरलेले नाही, आम्हाला ओळखता तुम्ही. यातून नोकरी मिळत नाही, पैसा मिळत नाही, हेही कबूल. पण आमच्याबरोबर फिरणारी मुले नीट पाहायला शिकतात, पाहिले ते खरे लिहायला शिकतात, आणि नाही दिसले तर नाही म्हणायला शिकतात. ही सवय विज्ञानाची आहे. ज्या मुलीने आमचा हात धरून थांबवले, ती आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते आहे. फुलपाखराने तिला तेथे नेले असे आम्ही म्हणत नाही, तिच्या आईच्या कष्टाने नेले. पण वाट तिला दिसली ती त्या डब्यातल्या कढीपत्त्यावर.

तिसरा प्रश्न, शहरात एवढ्याशा तुकड्याने काय होणार? त्याला उत्तर असे, की ज्याला अंडे घालायला एक झाड पुरते, त्याला आपला तुकडा लहान नाही.

आता मागणी. वर्धापनदिनानिमित्त समितीने विहाराच्या सगळ्या आवाराला पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरवले आहे. वर्गणीही जमली. आमचा त्याला विरोध नाही. पावसाळ्यात चिखलात बसून माता-भगिनींनी कार्यक्रम ऐकावेत असे कोण म्हणेल? पण मागच्या भिंतीलगत तीन फूट रुंदीची माती तेवढी मोकळी ठेवा. तेथे कोणी बसत नाही, चप्पलसुद्धा ठेवत नाही. रुई मुलांच्या वाटेपासून दूर, कोपऱ्यात राहील. बाकी कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, टाकळा आणि घोळ. निगराणी आमची, पाणी आमचे, आणि भिंतीपलीकडे एक फांदी गेली तर छाटायची जबाबदारीही आमची. पुढच्या वर्षी याच दिवशी वही समितीपुढे ठेवू. शून्य असेल तर शून्य दाखवू आणि ब्लॉक बसवायला आमच्या हाताने माती उकरून देऊ.

शेवटी एक विनंती घरोघरी. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पाखराची शीट चालताना दिसली, तर चिमटा बाजूला ठेवा. घरातल्या लहान मुलाला हाक मारा, जवळ बसवा आणि रोज दाखवा. सगळे झाड ती खात नाही. महिनाभर धीर धरा. चार पाने तिची, बाकीची तुमच्या फोडणीची.

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही फाटकापाशी असतो. वही-पेन आमच्याकडे आहे. नावे येत नसली तरी या, आम्हालाही येत नव्हती.



जयभीम.